स्टीयरिंग हलकं करणारा फ्रान्सिस डेव्हिस, आणि मामाच्या गाडीचं लईच हलकं झालेलं स्टीयरिंग

आज विशी-पंचविशीत असलेल्या बऱ्याच जणांनी पॉवर स्टीयरिंग नसलेली गाडी कधी हातात घेतलेलीच नसते. एका हातानं यू-टर्न मारायचा, गल्लीत गाडी उलटी घालायची, यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण ही सोय गाड्यांत यावी म्हणून एक माणूस साधारण पंचवीस वर्षं कंपन्यांचे दरवाजे ठोठावत होता. फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस त्याचं नाव. ऑटोमोबाईल शिकणाऱ्यांच्या पुस्तकात तो पॉवर स्टीयरिंगचा जनक म्हणून एका ओळीत येतो आणि तिथंच संपतो.

मी त्याच्याकडे वळलो ते माझ्या नांदेडच्या मामामुळे. मामानं तीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली बहुतेक वर्षं बिनपॉवरचा. आता त्याच्याकडे बारा वर्षांची जुनी हॅचबॅक आहे. त्याची मुलगी लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करते, म्हणून दर रविवारी नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर आणि रात्री परत, अशी त्याची फेरी असते. त्या गाडीचं स्टीयरिंग अचानक इतकं नाजूक झालं की ऐंशीच्या वर बोट जरी हललं तरी गाडी लेन सोडायला बघायची. ज्याचे खांदे जड स्टीयरिंगनं गेले, तो माणूस हलक्या स्टीयरिंगला घाबरून रात्रीचा प्रवास बंद करायच्या विचारात होता. महिनाभर मी त्या गाडीच्या मागे लागलो होतो. दर वेळी एखादी गोष्ट समजून घ्यायला गेलो की डेव्हिसपाशी येऊन थांबायचो.

डेव्हिसचा जन्म १८८७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९१० मध्ये तो हार्वर्डमधून इंजिनिअरिंग शिकून बाहेर पडला आणि बफेलो शहरातल्या पियर्स-ॲरो कंपनीत लागला. त्या काळी पियर्स-ॲरो म्हणजे श्रीमंतांची गाडी. पण कंपनी ट्रकही बनवायची आणि पहिल्या महायुद्धात ते ट्रक फौजेत चालले. डेव्हिस पुढे याच ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर झाला. म्हणजे त्याच्या पुढ्यातला प्रश्न साहेबांच्या आरामाचा नव्हता, ड्रायव्हरच्या मनगटाचा होता.

जड ट्रकची पुढची चाकं नुसत्या हाताच्या ताकदीनं वळवायची तर दोनच मार्ग होते. एक, स्टीयरिंग व्हील मोठं करा. दुसरा, आत गिअरचं प्रमाण असं ठेवा की व्हील भरपूर वेळा फिरवलं की चाक थोडंसं वळेल. दुसऱ्या मार्गात जोर कमी लागतो, पण वळायला वेळ लागतो. आणि चाक खड्ड्यात आपटलं की स्टीयरिंग उलटा झटका मारतं तो वेगळाच. मामाच्या उजव्या अंगठ्याचं हाड अशाच झटक्यानं एकदा सरकलं होतं. जुने ड्रायव्हर अंगठा व्हीलच्या आत घालत नाहीत, तो वर ठेवतात, त्यामागे हे कारण आहे.

इंजिनाची ताकद स्टीयरिंगला जोडायची कल्पना डेव्हिसच्या आधीही होती. १९०३ च्या एका कोलंबिया ट्रकमध्ये चाकं वळवायला वेगळी इलेक्ट्रिक मोटर लावली होती. पण रोजच्या वापरात टिकेल असं काही जमलं नव्हतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिसनं चांगली नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावात छोटंसं वर्कशॉप भाड्यानं घेतलं आणि जॉर्ज जेसप नावाच्या कुशल कारागिराला सोबत घेतलं. पैसा स्वतःचा, धोका स्वतःचा. तेव्हा स्टार्टअप हा शब्द नव्हता, एवढंच.

त्यांनी निवडला तेलाचा दाब, म्हणजे हायड्रॉलिक. अडचण गळतीची होती. त्या काळातल्या हायड्रॉलिक यंत्रांत तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवायचे आणि लागेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडून वापरायचे. कारखान्यातल्या एका जागी बसलेल्या यंत्राला हे चालतं. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत प्रत्येक जोड ठिबकायला लागतो.

इथं डेव्हिसनं जी उलटापालट केली ती समजली की पॉवर स्टीयरिंगचं अर्धं निदान समजलं, म्हणून जरा थांबतो. शेतातली बोअरची मोटर डोळ्यांसमोर आणा. मोटर चालू आहे आणि सगळे कॉक बंद केले, तर पाइपलाइनचा सगळ्यात कच्चा जोड आधी उडतो. म्हणून आपले लोक एखादा कॉक मोकळा ठेवतात, पाणी फिरत राहतं आणि पाइपवर ताण येत नाही. डेव्हिसनं हेच केलं. त्याच्या रचनेत पंप तेल सतत फिरवत राहतो, पण स्टीयरिंग सरळ असताना व्हॉल्व्ह मधोमध उघडा असतो. तेल दोन्ही बाजूंनी सारखंच वाहून टाकीत परत जातं, दाब जवळपास नसतोच. ड्रायव्हरनं व्हील वळवलं की व्हॉल्व्ह एका बाजूला सरकतो आणि परतीची वाट अडवतो. मग त्याच बाजूला दाब तयार होतो आणि पिस्टन चाकाला ढकलतो. हात सैल सोडला की व्हॉल्व्ह परत मधोमध येतो आणि दाब संपतो. सतत दाब नाही, त्यामुळे गळतीचा मुख्य त्रासही गेला.

यातली मेख मधोमध या शब्दात आहे. व्हॉल्व्हचा मध्य जरासा जरी चुकला तरी कोणी हात न लावता एका बाजूला थोडा दाब राहतो आणि गाडी स्वतःच तिकडे ओढायला लागते. आजही हायड्रॉलिक स्टीयरिंगवाल्या जुन्या गाडीची पहिली परीक्षा हीच. पुढची दोन्ही चाकं जॅकनं उचलायची, खाली स्टँड लावायचे आणि इंजिन बंद असताना व्हील सरळ ठेवायचं. मग हात व्हीलच्या दांड्यांतून बाहेर काढून इंजिन सुरू करायचं. व्हील आपोआप फिरू लागलं तर दोष टायरात नाही, अलाइनमेंटमध्येही नाही. तो रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. हे काम मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचं नाही.

डेव्हिसनं आपली यंत्रणा १९२१ सालच्या पियर्स-ॲरो गाडीत बसवली. जगातलं पहिलं व्यवहारात चालणारं पॉवर स्टीयरिंग ते हेच मानलं जातं. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये ही गाडी घेऊन तो डेट्रॉइटला गेला आणि जनरल मोटर्सच्या लोकांना दाखवली. त्यांना ती आवडली, करार झाला. डेव्हिस त्यांच्यासोबत काम करू लागला. पुढची काही वर्षं यंत्रणा सुधारण्यात गेली, कॅडिलॅकमध्ये ती येणार असं ठरत आलं होतं. तेवढ्यात महामंदी आली. आधीच गाड्या खपत नव्हत्या, त्यात हा महागडा भाग कोण घालणार? हिशोब मांडला गेला आणि १९३४ मध्ये जनरल मोटर्सनं माघार घेतली.

मला डेव्हिसच्या आयुष्यातला हा तुकडा सगळ्यात कठीण वाटतो. वय सत्तेचाळीस. वस्तू चालते हे सगळ्यांना मान्य आहे आणि तरी ती कोणाला नको आहे. पेटंटची मुदत मात्र दर वर्षी कमी होत चाललेली. १९३६ मध्ये त्यानं बेंडिक्स या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीशी करार केला. १९३९ पर्यंत जेमतेम दहा गाड्यांत त्याचं स्टीयरिंग बसलं होतं. त्यातल्या दोन चाचणीच्या ब्यूक होत्या आणि त्या जनरल मोटर्सच्याच होत्या, हे वाचून मला हसू आलं.

चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. चिलखती गाड्या आणि बंद पडलेले रणगाडे ओढून आणणारी अवजड वाहनं नुसत्या हातानं वळवणं अशक्य होतं. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांनी डेव्हिस-बेंडिक्सची यंत्रणा घेतली आणि युद्ध संपेपर्यंत दहा हजारांवर वाहनांत ती बसली. जिथं किंमत बघायची सोय नव्हती तिथं ती एका झटक्यात पसरली.

सामान्य ग्राहकाच्या गाडीत पॉवर स्टीयरिंग आलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये, हायड्रागाइड या नावानं. पण ती यंत्रणा डेव्हिसच्या मुदत संपलेल्या काही पेटंटांवर उभी होती. आयुष्यभर राखलेलं शेत, आणि कुंपण पडल्यावर दुसऱ्याचं पीक! जनरल मोटर्सला मग घाई झाली, तिनं डेव्हिसशी पुन्हा करार केला आणि १९५२ च्या कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टीयरिंग दिलं. जवळपास वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच दारात झालेलं काम त्यात कामी आलं. डेव्हिस तोवर पासष्टीला टेकला होता.

(इथं एक आपल्याकडचा धागा जोडतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली ती याच क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. पुढे याच कारखान्यानं दिलेली पद्मिनी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची पहिली गाडी होती, आणि तिचं स्टीयरिंग कसं होतं ते तुमच्या आजोबांना विचारा.)

आता आपल्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण ती नवी नाही. क्रायस्लरच्या त्या पहिल्या यंत्रणेवर तेव्हाच बोल लागला होता की व्हील एका बोटानं फिरतं, पण रस्ता हाताला कळत नाही. जनरल मोटर्सनं वेगळं धोरण ठेवलं. ड्रायव्हरनं थोडा जोर लावला की मगच मदत सुरू व्हायची, म्हणजे सरळ रस्त्यावर हाताला वजन जाणवत राहायचं. मदत किती द्यायची आणि कधी द्यायची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पार्किंगमध्ये भरपूर मदत हवी आणि हायवेवर कमी, हे उघड आहे. पण गाडीला ते कळणार कसं?

डेव्हिस १९७८ मध्ये नव्वदीत वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, जपानमध्ये सुझुकी सर्व्होत इलेक्ट्रिक पॉवर स्टीयरिंग आलं. तेल नाही, पंप नाही, स्टीयरिंगच्या दांड्याजवळ एक मोटर. तुमच्या घरातल्या छोट्या गाडीत बहुतेक हेच असतं. दांड्यात एक बारीक पोलादी कांडी असते, हाताच्या जोरानं ती किंचित पिळते. किती पिळली ते टॉर्क सेन्सर मोजतो, गाडीचा वेग दुसरा सेन्सर सांगतो, आणि छोटा कॉम्प्युटर ठरवतो की मोटरनं किती मदत करायची. डेव्हिसच्या व्हॉल्व्हचं काम आता सेन्सर करतो. आणि मध्य चुकण्याचा रोग तसाच राहिला आहे, फक्त आता सेन्सरचा शून्य चुकतो.

मामाच्या गाडीत हेच इलेक्ट्रिक स्टीयरिंग आहे. पहिल्या गॅरेजात सांगितलं गेलं की अख्खा स्टीयरिंग कॉलम बदला. खर्च ऐकून मामा गप्प बसला. मी म्हटलं, आधी तक्रार नीट मांडू. स्टीयरिंग जास्त सेन्सिटिव्ह आहे असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. व्हील फिरवायला फारच हलकं लागतं, ही एक. थोडं हलवलं की गाडी जास्त वळते, ही दुसरी. काहीच न करता गाडी भटकते, ही तिसरी. पहिली बहुतेक वेळा पॉवर स्टीयरिंगची असते. दुसरी आणि तिसरी बहुतेक वेळा चाकांची असते, आणि पॉवर स्टीयरिंग बिचारं फुकटचं बदनाम होतं.

म्हणून सुरुवात फुकटच्या तपासणीपासून. हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं दिलेला आकडा असतो, थंड टायरचा. आपल्याकडे हवा भरणारा विचारतो किती मारू, आपण म्हणतो टाक पस्तीस-चाळीस, मायलेज मिळंल. पुढच्या टायरांत हवा जास्त झाली की टायर रस्त्याला कमी टेकतो, व्हील हलकं होतं आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर नाचते. आपल्या भागात तर रस्त्याखाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबरी रस्त्याला लाटा येतात. कडक टायरवर त्या लाटा थेट हाताला येतात. मामाच्या पुढच्या टायरांत हवा जास्तच निघाली. ती कमी केली, थोडा फरक पडला. थोडाच.

मग सुटे जोड. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, खालच्या आर्मचे बुश, आणि मागच्या ॲक्सलचे बुशसुद्धा. मागचे बुश कोणी बघत नाही. ते गेले असतील तर मागची चाकं वळणावर स्वतःच किंचित दिशा बदलतात आणि ड्रायव्हरला वाटतं पुढचं स्टीयरिंग बिघडलं. मामाचे मागचे बुश ठीक होते. मिस्त्रीनं पुढचं चाक उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, तिथंही खटखट नव्हती. उलट एका बाजूचा एंड कोरा करकरीत होता. विचारल्यावर मामाला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे तो बदलून घेतला होता. आणि अलाइनमेंट? ती केलेलीच नव्हती.

एंड बदलला की चाकाचा टो बदलतो. तुम्ही उभे असताना पावलं जराशी आत वळलेली की बाहेर, तसं हे. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला उघडलेली असली, म्हणजे टो-आउट, की गाडी सरळ जायला तयार नसते. किंचित हात लागला की त्या बाजूला पळते. लातूरच्या एमआयडीसीजवळच्या अलाइनमेंट मशीनवर स्क्रीनवर आकडा लाल दिसला, टो-आउट बऱ्यापैकी. तो दुरुस्त झाला. अलाइनमेंटच्या वेळी कॅस्टरचा आकडाही बघून घ्या. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तोच हिशोब गाडीचा. मोकळ्या मैदानात दहा-पंधराच्या वेगात वळण घेऊन हात सैल केल्यावर व्हील स्वतःहून मागं येत नसेल, तर कॅस्टर किंवा अडकलेला जोड यावर संशय घ्यायचा.

परतीच्या वाटेवर गाडी बरीच शहाणी झाली होती. पण चाकूरच्या पुढं एकदा व्हील अचानक पिसासारखं हलकं झालं आणि दहाएक सेकंदांनी परत ठीक. आणि नेमकं तेव्हाच स्पीडोमीटरचा काटा खाली पडून परत वर आला.

इथं मोबाइल कामाला येतो. पुढच्या फेरीत मी शेजारी बसून एका फोनवर जीपीएसनं वेग दाखवणारं ॲप लावलं आणि दुसऱ्या फोननं ते ॲप आणि स्पीडोमीटर एकाच फ्रेममध्ये रेकॉर्ड केले. ड्रायव्हरनं हे करायचं नाही, हे सांगायला नको. व्हिडिओत साफ दिसलं: जीपीएस सत्तर म्हणतंय आणि काटा शून्याकडे झेपावतोय. स्टीयरिंगच्या कॉम्प्युटरला त्या क्षणी वाटत होतं की गाडी जवळपास उभी आहे, म्हणून तो पार्किंगएवढी मदत देत होता. हायवेवर पार्किंगचं स्टीयरिंग! वेगाचा सिग्नल तुटला की प्रत्येक गाडी असंच वागते असं नाही. काही गाड्या मदत बंद करून दिवा लावतात आणि व्हील जड होतं. पण सिग्नल थोड्या वेळापुरता जात-येत असेल तर दिवा लागायच्या आतच सगळं घडून जातं.

ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मी आधीच लावून बघितला होता, त्यात काही आलं नाही. याचं कारण माहीत असू द्या. ते साधे ॲप मुख्यतः इंजिनाचे कोड वाचतात. स्टीयरिंगचं युनिट वाचायला त्या कंपनीला चालणारा मोठा स्कॅनर लागतो. नांदेडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो होता. त्यात वेगाच्या सिग्नलचा जुना कोड सापडला. वायर हलवून पाहिली तर सेन्सरचा सॉकेट हिरवा पडलेला, आत पाणी गेलेलं. सॉकेट आणि सेन्सर बदलले, बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, आणि शेवटी व्हील सरळ ठेवून टॉर्क सेन्सरचा शून्य स्कॅनरवरून पुन्हा सेट केला. कॉलम बदलावा लागला नाही.

आता मामा रविवारी रात्री नऊला लातूर सोडतो. त्याला व्हील अजून थोडं जड चाललं असतं, पण ते आता सवयीचं आहे, बिघाड नाही. थंडीत गाडी सुरू केल्यावर कॉलममधून बारीक कुरकुर येते, बहुतेक मोटरच्या जोडातला रबरी तुकडा झिजलाय. तो दिवाळीनंतर बघायचा ठरलंय.